हिब्रू साहित्य, आधुनिक

धार्मिक प्रयोजनापासून सुटे झालेले हिब्रू भाषेतील साहित्य. सामान्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे लेखन या नावाखाली येते. ते यूरोपात, घरी यिडिश (यूरोपीय ज्यूंची जर्मनप्रधान भाषा) किंवा जर्मन बोलणाऱ्या ज्यू लेखकांच्या हातून उभे राहिले. बोलीचा आधार त्याला शतकभर तरी नव्हता.

आरंभाविषयी मतभेद आहेत. लाखोवेर हा इतिहासकार इटलीतील पादुआच्या मोशे हायीम लुत्सात्तोपासून (१७०७–४६) सुरुवात करतो. कवी बियालिकचाही कल तिकडेच होता. लुत्सात्तोची नाटके इटालियन गोपनाट्याच्या वळणाची, ताजी आहेत यात शंका नाही. परंतु त्याचे ‘मिग्दाल ओझ’ हे १७२७ च्या सुमाराचे नाटक छापले गेले ते १८३७ मध्ये, त्यामुळे लगतच्या पिढीवर त्याचा प्रभाव दाखविणे अवघड जाते. क्लाउझ्नर हा दुसरा इतिहासकार नाफ्ताली हेर्त्स वेस्सेलीच्या १७८२ मधील पुस्तिकेपासून आरंभ धरतो. मुलांना ईश्वरी विद्येआधी मानवी विद्या, म्हणजे भूगोल, गणित, देशभाषा, शिकवावी असे तिचे प्रतिपादन होते. लवकरच प्रशियातील क्यॉनिग्झबर्ग येथे ‘हा-मआसेफ’ हे नियतकालिक निघाले. लेखक, छापखाना आणि वर्गणीदार ही साखळी येथून सलग दिसू लागते; या दृष्टीने क्लाउझ्नरचे मत अधिक ग्राह्य वाटते. कुर्त्सव्हाइल हा समीक्षक श्रद्धेच्या जगाशी झालेली फारकत हीच आधुनिकतेची खूण मानतो. सादान हा समीक्षक हसिदी हा भक्तिमार्गी ज्यू पंथ, त्याचे विरोधक आणि हास्काला (प्रबोधन) या तिन्ही प्रवाहांना साहित्यात जागा देतो. त्याच्या मांडणीत तारखेचा वादच गौण ठरतो.

हास्काला लेखकांचा आग्रह शुद्ध बायबली हिब्रूचा होता. आव्राहाम मापूची ‘आहावात त्सियोन’ (१८५३) ही पहिली हिब्रू कादंबरी प्राचीन यहूदा राज्यात घडते, तेथे ही भाषा शोभते. समकालीन जीवन लिहायला घेतले की शब्द अपुरे पडत. चष्म्याला ‘डोळ्यांची घरे’ म्हणावे लागे. वाट काढली मेन्देले मोखेर स्फोरिम याने. १८८६ पासूनच्या कथांत त्याने बायबलच्या भाषेत मिश्ना (जुनी धर्मनियमसंहिता), मिद्राश (बायबलवरील भाष्ये) आणि अरॅमाइक या भगिनीभाषेचे थर मिसळले आणि बाजारातला दलाल, त्याचे मरतुकडे घोडे, चिखल हे सारे हिब्रूत आणले. तो यिडिशमध्येही तितकाच मोठा लेखक होता.

१८८१ नंतरच्या रशियातील ज्यूविरोधी दंगलींनी प्रबोधनावरचा विश्वास डळमळला. काळ्या समुद्रावरील ओडेसा हे शहर हिब्रू साहित्याचे केंद्र बनले. विचारवंत अहाद हाआमचे ‘हाशिलोआख’ हे नियतकालिक १८९६ मध्ये निघाले. किशिनेव्ह येथील ज्यूंच्या १९०३ च्या हत्याकांडावरील बियालिकची दीर्घ कविता मारेकऱ्यांपेक्षा लपून बसलेल्या स्वजनांवरच अधिक तुटून पडते. सोव्हिएत राजवटीत हिब्रूची गळचेपी झाली. रशियन लेखक गॉर्कीच्या मध्यस्थीने बियालिक १९२१ मध्ये बाहेर पडला आणि १९२४ मध्ये तेल अवीवला स्थायिक झाला.

येथे छंदाचा पेच उद्भवला. बियालिक आणि त्याचा समकालीन कवी चेर्निखोव्स्की यांचे छंद आघातावर बांधलेले, आणि तेही अश्केनाझी (मध्य व पूर्व यूरोपातील ज्यूंच्या) उच्चारानुसार. ‘शब्बात’चा त्या उच्चारात ‘शाब्बोस’ होतो, आघात पहिल्या अक्षरावर. पॅलेस्टाइनमध्ये रुळलेल्या सेफार्दी (मूळ स्पेनमधील ज्यूंच्या) धर्तीच्या उच्चारात तो शेवटच्या अक्षरावर पडतो. मराठी अक्षरगणवृत्तात लघूचे गुरू करत गेल्यास जे होईल, तेच या कवितांचे झाले. आजचा इझ्राएली वाचक त्या वाचतो, पण छंद हरवलेलाच असतो. कवयित्री राहेल (१८९०–१९३१) आणि नंतरच्या कवींनी नवा उच्चार पत्करला.

हिब्रूचे शिक्षण मुलग्यांपुरते असल्याने सुरुवातीच्या लेखिका थोड्या. द्वोरा बारोनने (१८८७–१९५६) रब्बी असलेल्या वडिलांचे पाठ पडद्याआडून ऐकले. तिच्या कथांत स्त्रियांच्या बाजूचे गाव दिसते.

कथा-कादंबरीकार श. य. आग्नोन याला १९६६ चे साहित्याचे नोबेल कवयित्री नेली झाक्स हिच्यासमवेत मिळाले. इझ्राएलच्या राज्यस्थापनेनंतर स. यिझ्हारने ‘खिर्बेत खिझे’त (१९४९) अरब खेड्यातील रहिवाशांची हकालपट्टी सैनिकाच्या तोंडून सांगितली. पुढे आमिखाई, ओझ, येहोशुआ हे प्रमुख. आंतोन शाम्मास या पॅलेस्टिनी लेखकाची ‘अराबेस्क’ (१९८६) कादंबरीही हिब्रूच.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने मराठीत आणले ते मुख्यतः प्रार्थनाग्रंथ. पुण्यात १८७४ मध्ये छापलेला मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ) हा त्यातला ठळक नमुना.