वही मिटा, ऐरोली आलं

परीक्षा जवळ आली की ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर वाशी लोकलची वाट पाहणारी निम्मी मुलं झेरॉक्सच्या गठ्ठ्यात डोकं घालून उभी असतात. पानं हायलायटरने इतकी माखलेली, की न रंगवलेली ओळच डोळ्यात भरावी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच वाचायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि गोची तिथेच होते. ओळखीचं वाटणं वेगळं, कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आठवणं वेगळं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर हे तपासून पाहिलं. एका गटाने उतारा चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारेच पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे ‘आपल्या जास्त लक्षात राहील’ अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! पेपरच्या आदल्या रात्री जागून पास झालेल्याला व्हायवात घाम का फुटतो, ते यावरून कळावं.

आठवायचा प्रयत्न केला की ती गोष्ट पुन्हा आठवणं सोपं होतं. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायचे, तेव्हा पुस्तक मिटलेलंच असायचं. घोकंपट्टीला आपण उगाच सरसकट नावं ठेवतो, असं मला वाटतं.

नोट्सचंही तेच. सरांचं वाक्य न् वाक्य उतरवणं म्हणजे हाताला व्यायाम. त्यापेक्षा वहीचा समास चांगला रुंद ठेवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत हीच: उजवीकडे नोट्स, डावीकडे नंतर स्वतः काढलेले प्रश्न, खाली दोन-चार ओळींत सार. मग उजवी बाजू झाकायची आणि उत्तरं द्यायची.

तेव्हा लोकलमध्ये ऐरोली स्टेशनला वही मिटून कालच्या लेक्चरचे प्रश्न मनात घोळवा, तुर्भ्याला उघडून चुका बघा. चौथी सीटसुद्धा मिळाली नाही तरी हे उभ्याने जमतं. हायलायटरचं तसं नाही.