‘गप वाच की बे’: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला एक खासगी वाचनालय होतं. ते बंद पडलं तेव्हा त्याची पुस्तकं किलोच्या भावानं गेली. त्यातली एक अंतराळ-कादंबरी माझ्याकडं आहे. खाकी कव्हर, आत परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के. नायक चंद्रावर उतरतो आणि झेंडा वाऱ्यावर फडफडू लागतो, त्या ओळीशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘चूक. चंद्रावर हवा नाही.’ त्याखाली दुसऱ्याचं अक्षर, निळ्या शाईत : ‘गोष्ट हाय. गप वाच की बे.’

आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा सिद्धेश्वर तलावाकाठी बसतो आणि नव्या विज्ञान-अद्भुत कादंबऱ्यांवर बोलतो. भांडण अजून हेच आहे. निवृत्त विज्ञानशिक्षक सर आधी विचारतात, ‘यात शिकण्यासारखं काय?’ बाकीच्यांना ते पटत नाही, पण हा प्रश्न सरांनी घरून आणलेला नाही. मराठीत तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

त्याआधी मात्र तो कुणी विचारत नव्हतं. सुरुवातीची मराठी कादंबरी बरीचशी अद्भुतातच रमलेली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची. संकटं आणि योगायोग यांची नुसती रेलचेल. पुढं नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर वाचकांनी उड्या टाकल्या. विज्ञान आलं ते वेगळ्या दारानं. 1900 साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची चांद्रसफर ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून मराठीत येऊ लागली. श्री. बा. रानड्यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा 1915 ची. पण गंमत व्हर्नच्या त्या पुस्तकाची आहे. तीनच वर्षांनी, 1903 मध्ये, चिनी लेखक लू शुननं तेच पुस्तक जपानीवरून चिनीत नेलं, आणि उद्देश उघड होता : गोष्टीच्या निमित्तानं लोकांना शास्त्राची गोडी लागावी. म्हणजे चंद्राच्या वाटेवर आपण आणि चिनी जवळजवळ बरोबरच निघालो होतो. (चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारलेल्या डॉ. कोटणीसांच्या गावात राहून चीनचा विषय टाळता येत नाही, त्यांचं स्मारक असलेल्या भैया चौकातून जाताना तर नाहीच.)

आपल्याकडं विज्ञानकथेला मान मिळाला तो बराच उशिरा, आणि विज्ञानाच्या खात्यातून. मराठी विज्ञान परिषद 1966 ची. तिच्या कथास्पर्धेत 1974 साली ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कुणाचा तरी पहिला नंबर आला. कथा ‘कृष्णविवर’. आद्याक्षरं उलटी वाचली की लेखक सापडतो : जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाच्या वजनानं बक्षीस मिळू नये म्हणून ही युक्ती. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथालेखनाची दखल घेतली आणि हा प्रकार साहित्यात मोजला जाऊ लागला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही मंडळी मग त्या वाटेनं लिहिती झाली. नारळीकरांनी विज्ञानप्रसार हा हेतू कधी लपवला नाही. त्यांनी लिहिलंही छान. पण मोजपट्टी ठरून गेली ती तेव्हाच, आणि माझ्या मते तिथंच थोडा घोटाळा झाला. ज्या गोष्टीतून काही शिकायला मिळतं ती घरात आली, उरलेली ओसरीवर राहिली.

ओसरीवर कोण होतं? नारायण धारप होते. भय, अद्भुत, परग्रह, सगळं लिहिणारे. वाचनालयात त्यांचं पुस्तक जागेवर सापडायचं नाही आणि समीक्षेत त्यांचं नाव. आणि होतं मुलांचं मासिक ‘चांदोबा’.

सोलापुरात ‘चांदोबा’ची तऱ्हाच न्यारी. तेलुगू ‘चंदामामा’ 1947 चा, मराठी ‘चांदोबा’ 1952 चा. आमच्यातला एक मित्र पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला. घरात यंत्रमाग, अंगणात आजी विड्या वळायची. वडील मागाची खटखट थांबली की तिला तेलुगू अंक वाचून दाखवायचे, हा मित्र शेजारी मराठी अंक घेऊन बसायचा. चित्रं तीच, राक्षस तोच, अक्षरं तेवढी वेगळी. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या क्रमशः कथांतले मांत्रिक, किल्ले, पाताळं त्यानं अशी दोन भाषांत एकदम वाचली. तो म्हणतो, ‘मला जादूचे नियम समजावून सांगायला लागत नाहीत. मी त्यातच वाढलो.’ खरंय. पण हे कुठल्या वाङ्मयेतिहासात येत नाही.

तिकडं चीनमध्ये विज्ञानकथेला ‘उपयोगी पड’ म्हणणारे आपल्यापेक्षा कडक निघाले. 1983 च्या सुमाराच्या ‘वैचारिक प्रदूषणा’विरोधी मोहिमेत या प्रकारातली मासिकं बंद पडली. तरी 2008 मध्ये ल्यू त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ पुस्तकरूपानं आली, 2014 मध्ये केन ल्यूंनी ती इंग्रजीत आणली आणि 2015 मध्ये तिला ह्यूगो हा विज्ञान-अद्भुत साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो पहिल्यांदाच. सरांना ती पसंत पडली, अर्थातच. त्यात भौतिकशास्त्र आहे. मला मात्र तिची माणसं पुठ्ठ्याची वाटली. सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं सोडली तर.

उलटा प्रकार झाला अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’च्या वेळी. 2016, 2017, 2018 अशी सलग तीन वर्षं त्यांच्या या मालिकेला ह्यूगो मिळाला. त्यात मनाच्या बळावर भूकंप शमवणारी माणसं आहेत. सर हे पुस्तक उघडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या बैठकीला ते अर्धं वाचून आले आणि पुस्तकाबद्दल चकार शब्द न काढता किल्लारीबद्दल बोलत राहिले. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले, आदल्या रात्री विसर्जन झालेलं. इथं सोलापुरात फडताळातली भांडी खाली आली. दिवस वर आल्यावर सिव्हिलपाशी जखमींच्या गाड्यांची रांग. तो सगळा पट्टा तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात होता, आणि सर त्याच आठवड्यात नववीला तो नकाशा शिकवत होते.

‘मग ही कादंबरी विज्ञानात धरायची का अद्भुतात?’ मित्रानं मुद्दाम काडी घातली.

सरांनी पुस्तक पिशवीत टाकलं. ‘अजून दोनशे पानं राहिलीत,’ म्हणाले.