ॲप म्हणतं ३७०, बिल म्हणतं २५०: सोलरची निर्मिती वेगळी, बचत वेगळी

गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसलं की पहिल्याच बिलाला घरात वाद सुरू होतो. इन्व्हर्टरचं ॲप सांगतं, महिन्यात ३७० युनिट तयार झाली. महावितरणच्या बिलात निर्यातीपुढे २५० लिहिलेलं असतं. मग मधली १२० युनिट कुठे गेली? मीटर बिघडलं, रीडिंग चुकलं, बसवणाऱ्याने फसवलं, अशा सगळ्या शंका एका संध्याकाळी येऊन जातात. ती १२० युनिट बहुतेक वेळा घरानेच वापरलेली असतात.

हे समजायला वायरिंगचा क्रम पाहायला हवा. पॅनेलमधून वीज इन्व्हर्टरमध्ये येते, तिथून निर्मिती मीटरमधून घराच्या डीबीत (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य बोर्डात) जाते. डीबीत फ्रिज, पंप, गिझर जे काही त्या क्षणी चालू असेल ते आधी आपली वीज उचलतं. उरलेली तेवढी नेट मीटरमधून बाहेर खांबाकडे जाते. म्हणजे नेट मीटरला सोलरची एकूण निर्मिती कधी दिसतच नाही. त्याला फक्त घरातून बाहेर पडलेली वीज आणि बाहेरून घरात आलेली वीज कळते.

त्यामुळे हातात आकडे तीन असतात: निर्मिती (ॲप किंवा निर्मिती मीटर), निर्यात आणि आयात (दोन्ही नेट मीटरवर). बचत हा चौथा आकडा. तो कुठल्याही मीटरवर नसतो, तो काढावा लागतो. ॲपमध्ये ‘आतापर्यंत वाचलेले रुपये’ असं काहीतरी हिरव्या अक्षरांत दिसतं खरं, पण तिथे बसवणाऱ्याने भरलेला एकच दर सगळ्या युनिटांना लावलेला असतो. तो दर ८ रुपये भरला तर बचत कमी दिसते, १५ भरला तर घरबसल्या श्रीमंती येते.

बचत काढायची रीत अशी: सोलर नसतं तर या महिन्यात बिल किती आलं असतं ते मांडायचं आणि त्यातून आलेलं बिल वजा करायचं. त्यासाठी घराचा खरा वापर हवा.

घराचा वापर = आयात + निर्मिती − निर्यात
बिलाची युनिट = आयात − निर्यात − मागची शिल्लक

एक उदाहरण घेऊ. दर हिशेबापुरते गोल धरले आहेत, वीज आकार आणि वहन आकार मिळून: पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये, १०१ ते ३०० ला ११.५०, ३०१ ते ५०० ला १५.५०. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला त्या वर्षीचे दर असतात, ते घ्या; वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ते बदलत राहतात.

फेब्रुवारी: निर्मिती ३७०, आयात २१०, निर्यात २५०. घराचा वापर २१० + ३७० − २५० = ३३० युनिट. सोलर नसतं तर ६०० + २,३०० + ४६५ = ३,३६५ रुपये. प्रत्यक्षात बिलाची युनिट शून्य, वर ४० युनिट खात्यात शिल्लक. फरक ३,३६५, त्यावर घरगुती ग्राहकाला लागणारं १६ टक्के वीज शुल्कही वाचलं, म्हणून सुमारे ३,९०० रुपये.

जुलै: ढगांमुळे निर्मिती २३०. आयात २५०, निर्यात १३०. घराचा वापर ३५० युनिट, सोलर नसतं तर ३,६७५ रुपये. बिलाची युनिट १२०, त्याचे ८३० रुपये. फरक २,८४५, वीज शुल्क धरून सुमारे ३,३०० रुपये.

आता हे दोन महिने शेजारी ठेवा. निर्मिती ३७० वरून २३० वर आली, म्हणजे जवळपास ३८ टक्के घसरली. बचत मात्र १५ टक्केच कमी झाली. सोलर नेहमी सर्वांत महाग स्लॅबमधली (दराच्या टप्प्यातली) युनिट आधी कापतं आणि स्वस्त १०० युनिटांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून असं होतं. जुलैत सोलरने कापलेलं प्रत्येक युनिट ११.५० किंवा १५.५० रुपयांचं होतं. फेब्रुवारीत त्यातली शंभर युनिट ६ रुपयांची होती आणि ४० तर अजून पैशांत उतरलीच नाहीत. पावसाळ्यात ॲपकडे बघून हळहळणाऱ्यांनी एकदा बिल उघडून पाहावं.

हाच नियम किती किलोवॉट बसवायचे ते ठरवतानाही लागतो, आणि तिथे मात्र तो गोड लागत नाही. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे आणि एकूण ७८,००० वर ते थांबतं. चौथ्या किलोवॉटला काही नाही. वरच्या उदाहरणातल्या ३३०-३५० युनिटांच्या घरात चौथा किलोवॉट स्वस्त स्लॅब कापणार किंवा शिल्लक वाढवणार. म्हणजे अनुदान नाही त्याच तुकड्याची कमाईही सर्वांत कमी. ‘गच्ची मोकळी आहे, टाकूनच घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही.

शिल्लक हा प्रकार बँकेतल्या पैशांसारखा वाटतो, पण त्याला मुदत आहे. नेट मीटरिंगमध्ये उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात, ती ३१ मार्चपर्यंतच. आर्थिक वर्ष संपलं की राहिलेली शिल्लक महावितरण ठरलेल्या दराने विकत घेतं आणि तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पुण्याच्या हवामानात ही तारीख अगदी नको तिथे येते. ऑक्टोबर ते मार्च आकाश स्वच्छ, एसी बंद, पंखेही निम्मे दिवस बंद. शिल्लक साठत जाते. एप्रिल-मे मध्ये एसी लागतो तेव्हा खातं नुकतंच रिकामं झालेलं असतं. म्हणून मे महिन्याचं बिल डोळ्यांपुढे ठेवून क्षमता ठरवू नये. एप्रिल ते मार्च अशा बारा बिलांची युनिट बेरजेत घ्यावी आणि तिला १,४०० ने भागावं. पुण्यात एक किलोवॉट वर्षाला साधारण तेवढी वीज देतो. ३,८०० युनिटांचं घर असेल तर उत्तर २.७ येतं. तीन पुरे.

रोजची सरासरी किलोवॉटमागे चार युनिटांच्या आसपास धरतात, पण ती वर्षाची सरासरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते तीनवर येते, फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेचारपर्यंत जाते. मे मधलं ऊन सर्वांत कडक असूनही विक्रम त्या महिन्यात होत नाही, कारण पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. भर दुपारी गच्चीवरचं पॅनेल ६० अंशांवर जातं, मग तीन किलोवॉटच्या संचाने दुपारी बाराला २.४ किलोवॉट दाखवले तर त्यात काही बिघाड नाही.

एक गैरसमज फार पसरला आहे: वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप दिवसा चालवले की बचत वाढते. नेट मीटरिंगमध्ये दिवसा बाहेर गेलेलं एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाशी वजा होतं. कपडे दुपारी दोनला धुतले काय आणि रात्री दहाला काय, महिन्याच्या बिलाची युनिट तीच. निर्यात कमी दिसेल आणि आयातही तेवढीच कमी दिसेल. वेळेनुसार दर किंवा सवलत लागलेलं बिल असेल तर त्या ओळी वेगळ्या धराव्या लागतील, एरवी घरातल्यांना वेळापत्रक लावायची गरज नाही.

बिलातला काही भाग सोलर कितीही मोठं असलं तरी हलत नाही. स्थिर आकार राहतो आणि त्यावरचं वीज शुल्क राहतं. थ्री फेज जोडणीला स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा ‘बिल शून्य’ या जाहिरातीतला शून्य बिलावर कधी येत नाही.

रीडिंग घेताना बहुतेक घोळ तारखेत होतो. ॲपचा महिना १ ते ३०, बिलाचा महिना समजा १२ ते १२. दोन वेगळ्या महिन्यांचे आकडे सूत्रात घातले तर घराचा वापर भलताच येतो. उपाय सोपा आहे: बिलाच्या रीडिंगच्या तारखेला सूर्य मावळल्यावर निर्मिती मीटर आणि नेट मीटरचे फोटो काढून ठेवायचे. त्या वेळी निर्मिती थांबलेली असते, त्यामुळे निर्मिती आणि निर्यातीचा आकडा सरकत नाही. नेट मीटरच्या पडद्यावर बरेच आकडे फिरत राहतात. त्यातले किलोवॉट-अवरचे आयात आणि निर्यात हे दोनच हवेत, केव्हीए-अवरचे नव्हेत. बिल आल्यावर त्यातली निर्यात फोटोशी ताडून पाहा. आयात-निर्यातीचे आकडे उलटे नोंदले जाणं किंवा निर्यात शून्य पडणं अशा चुका फोटो असला तर एका तक्रारीत सुटतात.

ॲप आणि निर्मिती मीटर यांच्यात दोन-चार टक्के फरक असतोच. इन्व्हर्टर स्वतःच्या आत अंदाजे मोजतो, मीटर तपासून आलेलं असतं. मतभेद झाला तर मीटरचं ऐकावं. फरक दहा टक्क्यांवर गेला तर इन्व्हर्टर ते मीटर ही केबल, तिची जोडणी आणि मीटरचं रीडिंग तपासून घ्यावं.

नेट मीटर बसण्याआधी सोलर ‘जरा चालू करून पाहू’ नये. काही जुनी इलेक्ट्रॉनिक मीटरं विजेची दिशा पाहत नाहीत; बाहेर गेलेलं युनिटही ती वापर म्हणूनच मोजतात. दुपारभर तुम्ही वीज देत राहता आणि बिल तुमच्याच नावावर चढतं.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी तुलना करणं हा सर्वांत आवडता आणि सर्वांत कच्चा मार्ग. दर बदललेले असतात, बिलाचे दिवस २९ की ३३ ते बदललेलं असतं, आणि मुख्य म्हणजे घर बदललेलं असतं. ‘आता सोलर आहे ना’ म्हणून दुसऱ्या खोलीत एसी लागतो, गॅसऐवजी इंडक्शनवर चहा होतो. बिल फारसं उतरत नाही आणि दोष पॅनेलला जातो. वरच्या सूत्राने घराचा वापर काढला तर ३३० चे ४८० झालेले लगेच दिसतात.

सोसायटीत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे गच्चीवरचं सोलर बहुतेक वेळा लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या सामाईक मीटरला जोडलेलं असतं. फ्लॅटच्या बिलात एक पैसाही कमी होणार नाही. फरक मेंटेनन्सच्या हिशेबात शोधायचा. सामाईक मीटरचा वापर ५०० युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये खोलवर गेलेला असतो, त्यामुळे तिथे कापलेलं प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराचं असतं. एकट्या घरापेक्षा सोसायटीचा हिशेब लवकर जुळतो तो यामुळे, अनुदान किलोवॉटमागे १८,००० रुपयेच असलं तरी.

सूत्र नीट मांडूनही बचत कमी येत असेल आणि घराचा वापर वाढलेला नसेल, तर मग निर्मितीकडे वळावं. ॲपमधला दिवसाचा आलेख पाहा. स्वच्छ दिवशी तो घंटेसारखा गोल हवा. रोज ठरावीक वेळी खड्डा पडत असेल तर सावली: पाण्याची टाकी, शेजारची नवी इमारत, डिशची छत्री. एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच स्ट्रिंगमधल्या (एकापुढे एक जोडलेल्या माळेतल्या) बाकीच्यांनाही खाली ओढू शकते. सगळा आलेखच ठेंगणा झाला असेल तर धूळ; बांधकामं चालू आहेत त्या भागात दोन आठवड्यांत थर बसतो. धुवायचं ते सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, आणि शक्यतो बोअरचं पाणी न वापरता, कारण त्याचे पांढरे डाग काचेवर धुळीपेक्षा घट्ट बसतात.

दुपारी अकरा ते तीन आलेख करवतीसारखा वरखाली, मध्येच शून्य, असं दिसलं तर कारण बहुधा व्होल्टेज. एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) बरीच घरं निर्यात करू लागली की दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ठरलेल्या मर्यादेवर स्वतःला बंद करून घेतो. तो इन्व्हर्टरचा दोष नाही. आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल पुरेशी जाड आहे का ते पाहावं, कारण बारीक केबलमध्ये इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज आणखी चढतं. केबल ठीक असेल तर दुपारच्या वेळचे व्होल्टेजचे फोटो जोडून महावितरणकडे लेखी तक्रार करावी. रोहित्राचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी, बदलून ते खाली आणता येतं. वीज गेल्यावर शून्य दिसणं मात्र वेगळं: बॅटरी नसलेला ग्रिडचा इन्व्हर्टर पुरवठा बंद झाला की बंद व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.