नागपुरातली उष्णतेची लाट आणि समुद्रातली उष्णतेची लाट

मे महिन्यात नागपुरात रात्री दहाला नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. बाहेरची हवा तोवर थोडी तरी निवलेली असते. हवा लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी मात्र घेतलेली उष्णता सहजी सोडत नाही. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेत मूळ फरक हाच आहे.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून सरासरीच्या ४.५ अंश वर गेले, किंवा थेट ४५ अंशांवर पोचले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. समुद्राला असा ठरावीक आकडा लावत नाहीत. त्या ठिकाणच्या त्याच दिवसांच्या साधारण ३० वर्षांच्या नोंदींशी तुलना करून, तापमान सर्वाधिक १० टक्क्यांत मोडत असेल आणि ते सलग ५ दिवस तरी टिकले, तर ती सागरी लाट ठरते. म्हणूनच ती ऐन हिवाळ्यातही येऊ शकते.

दोन-तीन अंशांची वाढ आपल्याला किरकोळ वाटते, पण समशीतोष्ण किनाऱ्यांवरच्या केल्प या उंच सागरी शैवालाच्या ती जिवावर बेतते. खडकाला घट्ट धरून वाढणाऱ्या केल्पला जागा सोडता येत नाही. शिवाय तापलेले हलके पाणी वरच राहिल्याने खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येणे मंदावते, म्हणजे उष्णतेच्या जोडीला उपासमारही होते. २०११च्या लाटेत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरची केल्पची जंगले नाहीशी झाली. त्या जागी आखूड शैवालाचा थर पसरला, आणि उष्ण पाण्यातून आलेले मासे कोवळे केल्प कुरतडत राहिल्यामुळे लाट ओसरल्यावरही जंगल परतले नाही. मला सर्वांत चिंतेची वाटते ती हीच गोष्ट. नागपुरात मृगाच्या सरी आल्या की लाट मोडते. समुद्रात ती ओसरली तरी जुनी घडी बसेलच असे नाही.

उत्तर कॅलिफोर्नियात मात्र सगळा दोष एकट्या उष्णतेवर टाकता येणार नाही. तिथे २०१३पासून तारामासे रोगाने मरू लागले होते. ते जांभळ्या सागरी साळूंना, म्हणजे केल्प खाणाऱ्या काटेरी गोल सागरी जीवांना, खात असत. २०१४ ते २०१६ची लाट आली तेव्हा केल्प आधीच उष्णतेने खंगले, आणि मोकाट वाढलेल्या साळूंनी उरलेलेही फस्त केले. तिथले ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेले. त्यावर जगणाऱ्या अबलोन या मोठ्या सागरी गोगलगायी उपाशी मरू लागल्या, आणि २०१८मध्ये लोकांना त्या पकडण्याची बंदी करावी लागली.