दिव्यांग मुलांच्या पालकांवरचा ताण : ठपक्यापासून आधारापर्यंतची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बौद्धिक अपंगत्व असलेले मूल जन्माला आले की युरोप-अमेरिकेतले डॉक्टर सर्रास एकच सल्ला देत : मुलाला संस्थेत ठेवा, घरी नेलेत तर लळा लागेल. ज्यांनी तो मानला नाही, त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश नव्हता आणि घरी मदतीला येणारे कुणी नव्हते. मूल घरी ठेवणे हा त्यांचा खासगी हट्ट समजला गेला. साहजिकच त्याचे कष्टही त्यांनीच उपसायचे, असे गृहीत धरले गेले.

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला याहून वाईट आले. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. ही स्थिती जन्मजात असावी, असे त्यांनी त्याच लेखात म्हटले होते. पण बरेचसे पालक भावनेने कोरडे आहेत, अशी टिपणीही जोडली. १९४९ पर्यंत ही टिपणी आरोपाच्या जवळ गेली, आणि ‘फ्रिजसारखी थंड आई’ हा शिक्का पुढची दोन दशके टिकला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्याचा उपचारांवर झालेला परिणाम भयंकर होता. दोष आईत, म्हणून मनोविश्लेषण आईचे, आणि मुलाला आईपासून दूर ठेवायचे. बोलणे, जेवणे, शौचाला सांगणे हे मुलाला शिकवण्याची वर्षे त्यात निघून गेली. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये जैविक कारणांची बाजू पुराव्यांसह मांडली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अशा पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहण्यात पुढाकार घेतला. त्या संघटनेच्या १९६९ च्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

संघटना त्याआधीही होत्या. ब्रिटनमध्ये ज्युडी फ्राइड यांनी १९४६ मध्ये पालकांची संघटना सुरू केली, ती आज मेनकॅप म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत १९५० मध्ये मिनियापोलिस इथे ठिकठिकाणच्या पालकगटांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापली, तीच आजची ‘द आर्क’. पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या शाखेने शिक्षणाच्या हक्कासाठी राज्यावर दावा लावला, १९७२ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा मिळवला, आणि १९७५ च्या केंद्रीय कायद्याची वाट त्यातून मोकळी झाली. त्या कायद्याने मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना ठरवताना पालकांना हक्काची जागा दिली. हा मोठाच विजय होता. बैठका, अर्ज, फायली आणि पाठपुरावा हे नवे काम मात्र तेव्हापासून पालकांच्याच डोक्यावर आले.

दुसरीकडे तज्ज्ञ पालकांच्या दुःखाचा अर्थ लावत होते. सोल्निट आणि स्टार्क यांनी १९६१ मध्ये मांडले की, अपेक्षा केलेले निरोगी मूल गमावल्याचा शोक आई करत असते. ड्रोटार आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याचे टप्पे सांगितले : धक्का, नाकारणे, दुःख-राग-चिंता, जुळवून घेणे, घडी पुन्हा बसवणे. टप्प्यांची कल्पना सोपी, म्हणून ती प्रशिक्षणात झटपट रुळली. त्यात धोका असा की, दुसरे मत विचारणारी किंवा शाळेशी भांडणारी आई ‘अजून नाकारण्याच्या टप्प्यात आहे’ असे म्हणून तिला गप्प बसवता येते.

सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्येच वेगळे सांगितले होते. हे दुःख चिरकाल राहणारे आहे, ते कमी-जास्त होते, आणि ते आजार नसून स्वाभाविक आहे. पालकांना ‘स्वीकारा’ म्हणून ढकलण्यापेक्षा वेळ द्या आणि प्रत्यक्ष सेवा पुरवा. या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी निरीक्षण आजही हेच आहे, असे आम्हाला वाटते. १९८१ च्या एका अभ्यासात पालक आणि समाजकार्यकर्ते यांचे अंदाज शेजारी ठेवून पाहिले गेले. समाजकार्यकर्त्यांनी सुरुवातीच्या काळातला त्रास वाढवून आणि नंतरच्या वर्षांतला कमी करून धरला होता. समुपदेशन निदानाच्या वेळी मिळते. धाकटे भावंड पुढे निघून जाते तेव्हा, वयात येताना किंवा शाळा संपताना विचारायला कुणी नसते.

ताण मोजण्याची साधने कुटुंबशास्त्रातून आली. दुसऱ्या महायुद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांवरून रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये सूत्र मांडले : घटना, हाताशी असलेली साधने आणि घटनेला दिलेला अर्थ, या तिघांवर कुटुंब कोलमडते की तगते हे ठरते. मॅकबिन आणि पॅटरसन यांनी १९८३ मध्ये त्यात ताण साचत जाण्याची भर घातली. एकच संकट नसते; बदली, सासूचे आजारपण, नोकरी सुटणे हे वरून येत राहते. जीन होलरॉइड यांची १९७४ ची प्रश्नावली २८५ विधानांची होती. १९८३ मध्ये ती ५२ वर आणली गेली. सर्वाधिक वापरातल्या रिचर्ड अबिडिन यांच्या चाचणीचे छोटे रूप ३६ विधानांचे आहे : पालकाचा स्वतःचा त्रास, पालक-मुलातला बिघडलेला संवाद आणि मुलाचे अवघडपण, प्रत्येकी १२. इथे एक चूक वारंवार होते. शेवटच्या दोन गटांतली काही विधाने मुलाच्या अपंगत्वाचीच लक्षणे मोजतात. एकूण बेरीज पाहून आईला ‘अति तणावग्रस्त’ ठरवले जाते, पण तिचा स्वतःचा त्रास मध्यमच असू शकतो. म्हणून तिन्ही बेरजा वेगळ्या वाचायच्या.

ताण नेमका कशाने वाढतो, याचे उत्तर बेकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासाने बरेच स्पष्ट केले. तीन वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांत बौद्धिक विकास किती मागे आहे यापेक्षा वर्तनाच्या समस्यांशी ताणाचा संबंध जास्त घट्ट निघाला. शरीरावरचा मागही सापडला आहे. दीर्घ आजारी मुलांच्या आयांवर एलिसा एपेल यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात, सांभाळाची वर्षे जितकी जास्त तितकी पेशींतल्या गुणसूत्रांची टोके आखूड दिसली. मोठ्या स्वमग्न मुलांच्या आयांमध्ये २०१० च्या अभ्यासात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक नेहमीपेक्षा कमी आढळले. प्रदीर्घ ताणात शरीराची प्रतिक्रिया अशी मंदावते.

आधाराच्या पद्धतींपैकी सर्वांत साधी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा इथे ‘पायलट पेरेंट्स’ नावाने सुरू झाली : नुकतेच निदान झालेल्या कुटुंबाला तसेच मूल वाढवलेल्या अनुभवी पालकाशी जोडून देणे. जोडी निदानावरून जुळवतात, पण मुलाचे वय आणि चालू अडचण (नळीने अन्न, फिट्स, रात्रीची जाग) जुळली तर बोलणे लवकर जमते. अनुभवी पालकाला आधी प्रशिक्षण लागते. ऐकून घेणे, गुप्तता पाळणे, औषधांविषयी सल्ला न देणे, आणि स्वतःच्या जखमेवरची खपली निघतेय असे वाटल्यास थांबणे. हे प्रशिक्षण वगळले की दोघेही खचतात.

१९६९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज इथून घरी येऊन शिकवण्याची पद्धत निघाली. आठवड्याला एक भेट, ठरवलेले छोटे उद्दिष्ट, आणि मधल्या दिवसांत आईने सराव घ्यायचा. पद्धत जगभर पसरली, कारण ती चालते. पण स्पीच, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट या तिघांनी प्रत्येकी अर्ध्या तासाचा गृहपाठ दिला की रोजचा दीड तास आईच्या झोपेतून जातो. नंतरचे जाणते कार्यक्रम सराव अंघोळ, कपडे, जेवण यांतच बसवतात. जागतिक आरोग्य संघटनेचे पालक-कौशल्य प्रशिक्षण याच धाटणीचे : २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी, ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटी, आणि त्यातच पालकाच्या स्वतःच्या स्वास्थ्याचा भाग. एलिसाबेथ डायकन्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात २४३ आयांना सहा आठवडे प्रशिक्षण दिले ते इतर आयांनी. चिंता, नैराश्य आणि झोप, तिन्हींत सुधारणा दिसली.

रेस्पाइट केअर, म्हणजे काही तास किंवा दिवस मुलाचा सांभाळ दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने घेणे, ही कल्पना मोठ्या संस्था बंद होऊ लागल्या तशी १९७० च्या दशकात रुजली. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, कलम २८ मध्ये, गरीब कुटुंबांसाठी तिचा स्पष्ट उल्लेख आहे. ती फसण्याची कारणे ठरलेली आहेत. दर वेळी नवा माणूस येतो, समजावून सांगण्यातच वेळ जातो. घर कोसळायला आल्यावरच सेवा मंजूर होते. वार आणि वेळ पक्की असावी, माणसे एक-दोनच असावीत, पहिल्या दोन-तीन वेळा पालकाने घरातच दुसऱ्या खोलीत थांबावे. सोबत एकच कागद द्यावा : भरवताना बसवायचे कसे आणि घास किती पातळ, औषधाची वेळ व मात्रा, कोणत्या खुणेचा अर्थ काय, कशाने घाबरते, कशाने शांत होते. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली तर अँब्युलन्स बोलवायची, हे त्यावर ठळक लिहावे. पालकांचे वय वाढले की हाच कागद वाढवून त्यात डॉक्टर, कागदपत्रांची जागा, बँक खाते आणि त्यांच्यानंतर मुलाचा सांभाळ कोण करणार त्याचे नाव लिहून ठेवावे, आणि त्या माणसाला आताच नियमित सांभाळायला बोलवावे.