आधी दार, मग अडचण: एचआयव्ही आणि सीडी४

एचआयव्ही पेशीत शिरतो तो सीडी४ या रिसेप्टरला (मदतनीस टी पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला) धरून, हे डिसेंबर १९८४मध्ये पॅरिस आणि लंडन इथल्या दोन गटांनी दाखवलं. सीडी४ला चिकटणारी अँटीबॉडी आधी घातली की संसर्ग अडत होता. पण संसर्ग झालेल्या पेशी काही दिवसांनी तपासल्या तर त्यांच्यावरचा सीडी४ गायब!

विषाणूच्या आवरणावरचं जीपी१२० हे प्रथिन त्यावर बसून त्याला झाकतं, ही पहिली शंका. ती अर्धीच खरी निघाली. ओकेटी४ए आणि ओकेटी४ या सीडी४च्या वेगवेगळ्या जागी चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या अँटीबॉडी. ओकेटी४एची जागा जीपी१२०खाली झाकली जाते, ओकेटी४ची मोकळी राहते. तरीही ओकेटी४चा रंग उतरत गेला. म्हणजे रेणूच पृष्ठभागावर उरत नव्हता.

सीडी४ हटवण्याचं हे काम विषाणूची तीन प्रथिनं करतात: नेफ, जीपी१६० आणि व्हीपीयू. नेफ सीडी४ची पेशीच्या आतली शेपटी एपी-२शी (पृष्ठभागावरचे रेणू आत नेणाऱ्या पेशीच्याच प्रथिनांशी) जोडतं आणि त्याला आत ओढून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचन-पिशवीकडे, धाडतं. नव्याने बनणाऱ्या सीडी४ला जीपी१६० (जीपी१२०चं न तुटलेलं पूर्वरूप) आतच अडकवतं आणि व्हीपीयू त्याला प्रोटिआसोमकडे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवतं. एवढा खटाटोप का? सीडी४ पृष्ठभागावर राहिला तर बाहेर पडणारे नवे विषाणू त्यालाच चिकटतात. शिवाय सीडी४ला धरलेल्या जीपी१२०चा आकार उलगडतो, त्याचे लपलेले भाग अँटीबॉडीला दिसतात आणि पेशी मारली जाते.

म्हणूनच फ्लो सायटोमेट्रीत (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्रात) ‘सीडी४ पॉझिटिव्ह’ असा गेट, म्हणजे पेशी निवडायची चाळणी, लावला की नेमक्या संसर्गित पेशीच निसटतात. गेट सीडी३ (सगळ्या टी पेशींची खूण) पॉझिटिव्ह, सीडी८ (मारक टी पेशींची खूण) निगेटिव्ह असा लावावा. पृष्ठभाग आधी रंगवावा, मग पेशींना छिद्रं पाडून आतलं पी२४ हे विषाणूचं प्रथिन. रुग्णाचा सीडी४ काउंट (रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या) घसरतो त्याचं कारण मात्र हे नव्हे; रक्तात संसर्गित पेशी थोड्याच असतात, काउंट घसरतो तो पेशी मरतात म्हणून.

नेफ एचएलए-ए आणि एचएलए-बी हे, पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दाखवणारे रेणूसुद्धा खाली उतरवतं, म्हणजे मारक टी पेशींना संसर्ग दिसत नाही. १९९६मध्ये नेफचं हे काम उघड झालं. त्यांच्याच जातीचा एचएलए-सी मात्र शाबूत राहतो, नाहीतर एचएलए नसलेल्या पेशींना मारणाऱ्या एनके (नॅचरल किलर) पेशी तुटून पडतील, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१६मध्ये कळलं की रुग्णांकडून मिळवलेल्या अनेक विषाणूंतलं व्हीपीयू एचएलए-सीही कमी करतं. प्रयोगशाळेत सगळे वापरत आलेल्या एनएल४-३ या वाणात ही क्षमताच नाही, म्हणून ती इतकी उशिरा दिसली.