मेंटॉर आणि कोच: मार्गदर्शक दोघेही, पण काम वेगळे

मराठीत ‘मार्गदर्शक’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की इंग्रजीतील मेंटॉर आणि कोच हे दोन्ही शब्द त्यात सहज मावतात, आणि म्हणूनच इंग्रजीत लिहिताना आपल्या हातून त्यांची अदलाबदल होते. हे दोन शब्द आले कुठून हे पाहिले, तर त्यांच्यातला फरक कायमचा लक्षात राहतो.

कोच म्हणजे मुळात गाडी. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाडीला गावाचेच नाव पडले आणि ते युरोपभर पसरून इंग्रजीत आले. रेल्वेच्या डब्याला आपण कोच म्हणतो तो हाच शब्द. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला गाडीची उपमा देऊन कोच म्हणू लागले, आणि १८६०च्या दशकात तो शब्द खेळाच्या मैदानावर उतरला. परीक्षेच्या तयारीला आपण आजही कोचिंग म्हणतो, ते या जुन्या अर्थाला धरूनच आहे.

मेंटॉर हे मात्र विशेषनाम आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धाला निघालेला ओडिसियस आपले घरदार मेंटॉर नावाच्या मित्रावर सोपवतो, आणि पुढे अथीना देवी याच मेंटॉरचे रूप घेऊन ओडिसियसच्या तरुण मुलाला, टेलेमेकसला, धीर देते. अनुभवी सल्लागार या अर्थाने हे नाव रूढ झाले ते फेनेलाँ या फ्रेंच लेखकाने १६९९ मध्ये टेलेमेकसच्या प्रवासावर लिहिलेल्या कादंबरीमुळे.

गाडीत बसणाऱ्याला कुठे जायचे ते ठाऊक असते, आणि ठरलेल्या ठिकाणी त्याला पोहोचवणे हे कोचचे काम. मेंटॉरशी बोलताना मात्र जायचे कुठे, हाच प्रश्न खुला असतो. समजा, एखाद्या तरुण संशोधिकेला परिषदेत पहिले भाषण करायचे आहे. कोच तिच्याकडून सुरुवातीची दोन मिनिटे पुन्हा पुन्हा म्हणवून घेईल, वाक्याच्या शेवटी आवाज कुठे पडतो ते टिपून ठेवील आणि लगेच दुरुस्ती सांगेल. मेंटॉर तिला विचारील की हे भाषण आताच का करायचे आहे, श्रोत्यांत कोणाला भेटायला हवे, आणि पुढची पाच वर्षे याच विषयाला द्यायची आहेत का. कोच स्वतः उत्तम वक्ता असलाच पाहिजे असे नाही, त्याची नजर मात्र तयार हवी. मेंटॉरने त्या वाटेवरचे खाचखळगे स्वतः पाहिलेले असावे लागतात. ट्यूटर या दोघांहून वेगळा: तो विषय शिकवतो.

मेंटॉर ज्याला सल्ला देतो त्याला हल्ली मेंटी म्हणतात. हा शब्द मेंटॉरमधील ‘ऑर’ हा प्रत्यय आहे असे धरून बनवला आहे, वास्तविक तो नावाचाच भाग आहे. तरीही मेंटी आता रुळला आहे आणि तो वापरायला हरकत नाही. हरकत आहे ती आदर दाखवण्यासाठी प्रत्येकाला मेंटॉर म्हणण्याला. तीन महिने मुलाखतीचा सराव करून घेणाऱ्याला अर्जात कोच असेच लिहावे. त्यात त्याचा मान कमी होत नाही, आणि त्याने नेमके काय केले ते वाचणाऱ्याला कळते.